दुसरा किपर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



निवेदकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'खेळातून घडलेलं जीवन'. एवढा मोठा विषय पंधरा मिनिटांत उरकायचा म्हणजे पन्नास षटकांचा सामना पाच षटकांत खेळायचा. म्हणून मी तो लहान करून घेतो. मी आज राखीव यष्टिरक्षकाबद्दल बोलणार आहे. 'राखीव' हा शब्द आपल्या अंतरवाली सराटीत उच्चारला की लगेच दुसरी सभा सुरू होते, हे मला ठाऊक आहे. (हशा) ती सभा आज नाही. माझा राखीव हा सीमारेषेबाहेर पॅड बांधून बसलेला माणूस आहे. आपल्या भाषेत, दुसरा किपर.

क्रिकेटच्या संघात अकरा जागा असतात. फलंदाज म्हणून बाहेर बसलेल्या माणसाला आत शिरायला पाच-सहा दारं असतात. कुणी आजारी पडतो, कुणाच्या धावा होत नाहीत. गोलंदाजालाही चार-पाच दारं असतात. किपरला दार एकच. त्या दारात जो उभा आहे, त्याचं बोट मोडेपर्यंत किंवा त्याचा हात बिघडेपर्यंत दुसऱ्याला आत जाता येत नाही. आणि हे आपल्याच सोबत्याचं बोट. सकाळी त्याला झेलांचा सराव द्यायचा, दुपारी त्याच्यासाठी पाणी घेऊन धावायचं, रात्री त्याच्याबरोबर एका ताटात जेवायचं, आणि मनात काय चाललंय ते कुणाला दिसू द्यायचं नाही.

कष्टाचं म्हणाल तर पूर्ण दिवसाच्या कसोटीत ९० षटकं, म्हणजे किपरच्या ५४० बैठका. दुसऱ्या किपरला सामन्यात त्या काढाव्या लागत नाहीत, पण उद्या काढायची वेळ आली तर पाय तयार पाहिजेत. म्हणून तो नेटमध्ये बसतो, उठतो, बसतो, उठतो. कुणी मोजत नाही. धावफलकावर त्याचा रकाना नसतो.

आता एक खरा माणूस घेऊ. चंद्रकांत पंडित. १९६१चा जन्म, मुंबईचे, आचरेकर सरांचे शिष्य. आपण शाळेत होतो त्या काळात भारतीय संघाचे पहिले किपर होते बडोद्याचे किरण मोरे, आणि दुसरे पंडित. १९८६च्या इंग्लंड दौऱ्यात मोरे यांनी लॉर्ड्सवर कसोटीत पदार्पण केलं. पुढची कसोटी लीड्सला होती. मोहिंदर अमरनाथ जायबंदी झाले आणि पंडित यांना बोलावणं आलं. पण किपर म्हणून नाही, फलंदाज म्हणून! यष्टीमागे मोरेच. म्हणजे ज्या कामाची आयुष्यभर तयारी केली, ते काम दुसरा करतोय, आणि आपण त्याच मैदानावर वेगळ्या जागी उभे. भारत तो सामना २७९ धावांनी जिंकला.

पुढच्या वर्षी विश्वचषक आपल्याकडे आला. ५ नोव्हेंबर १९८७, वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध उपांत्य सामना. आपण तेव्हा दहावीत होतो. त्या दिवशी रेडिओभोवती कोण कोण बसलं होतं, ते इथं बसलेल्यांना सांगायला नको. ग्रॅहम गूच स्वीप मारत सुटला होता आणि ११५ करून गेला. आपल्याला फक्त गूच आठवतो आणि कपिल देव झेल देऊन परतला ते आठवतं. पण त्या दिवशी वेंगसरकर पोटाच्या दुखण्यानं खेळू शकले नाहीत आणि त्यांच्या जागी पंडित खेळले, हे किती जणांच्या लक्षात आहे? २४ धावा केल्या त्यांनी. भारत ३५ धावांनी हरला. यष्टीमागे त्याही दिवशी मोरेच.

१९८६ ते १९९२ या काळात पंडित ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळले. शेवटची कसोटी ॲडलेडची. मोरे यांच्या नावावर ४९ कसोटी आणि ९४ एकदिवसीय सामने आहेत. पंडित यांच्या एकदिवसीय आकड्यांत एक गंमत आहे. झेल १५ आणि यष्टीचीतही १५. किपरच्या खात्यात बहुतेक वेळा झेल कितीतरी जास्त असतात. यष्टीचीत करायला फिरकी गोलंदाजाला यष्टीला चिकटून उभं राहावं लागतं आणि चेंडू फलंदाजाच्या अंगाआड गेला तरी त्याचा अंदाज बांधावा लागतो. हात किती जलद होते, ते त्या दोन सारख्या आकड्यांवरून कळतं. मग जागा का मिळाली नाही? कारण मोरेही चांगले होते. एवढंच. शिवाय मोरे वर्षानं लहान होते. आपल्यापेक्षा थोर असलेल्या माणसाच्या निवृत्तीची वाट पाहता येते. धाकट्याच्या निवृत्तीची वाट पाहून हाती काय येणार? मोरे यांची कारकीर्द १९९३मध्ये संपली, तेव्हा निवड समितीनं विशीतला नयन मोंगिया पुढे आणला.

असे आपल्याकडे आणखी आहेत. नाशिकला जन्मलेले माधव मंत्री, सुनील गावसकरांचे मामा. तीन-साडेतीन वर्षांत मिळून ४ कसोटी. १९५२मध्ये लीड्सला भारताची शून्य धावांवर चार गडी बाद अशी दाणादाण उडाली, त्या चारांत मंत्रीही होते. लहानग्या सुनीलला मामांचे भारतीय संघाचे स्वेटर फार आवडायचे, एखादा आपल्याला मिळावा असं वाटायचं. मामांनी सांगितलं, हा मागून मिळत नाही, कमवावा लागतो. गावसकरांनी ते पुढं स्वतःच लिहून ठेवलं आहे. चारच सामने खेळलेल्या माणसाला त्या स्वेटरची किंमत चाळीस सामने खेळलेल्यापेक्षा जास्त कळत असेल, असं मला वाटतं.

मग समीर दिघे. मुंबईसाठी वर्षानुवर्षं खेळले. कसोटीची टोपी मिळाली ती वयाच्या ३२व्या वर्षी, मार्च २००१मध्ये, चेन्नईला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. कोलकात्याची ती लक्ष्मण-द्रविडची कसोटी होऊन गेलेली, मालिका १-१. शेवटच्या दिवशी १५५ धावा हव्या होत्या. ४ धावा बाकी असताना आठवा गडी पडला. एका टोकाला पहिलीच कसोटी खेळणारे दिघे, दुसऱ्या टोकाला हरभजन. विजयी फटका हरभजननं मारला म्हणून चित्र त्याचं छापून आलं. दिघे २२ वर नाबाद होते. त्याच वर्षी हरारेला वेस्ट इंडीजविरुद्ध अंतिम सामन्यात नाबाद ९४ केल्या आणि भारत हरला. त्यांच्या एकूण कसोटी ६, सगळ्या २००१ सालातल्या. वर्ष संपायच्या आत जागा दुसऱ्याकडे गेली.

परदेशातलं उदाहरण द्यायचं तर इंग्लंडचा बॉब टेलर. ॲलन नॉटसारखा किपर समोर असल्यामुळं टेलरची पहिली कसोटी १९७१ला झाली आणि दुसरी १९७७च्या डिसेंबरात. मधली जवळजवळ सात वर्षं तो दौऱ्यावर जायचा आणि सराव करून परत यायचा. नॉट पॅकरच्या सामन्यांकडे वळला तेव्हा कुठं टेलरचं दार उघडलं. फेब्रुवारी १९८०मध्ये आपल्याच वानखेडेवर त्यानं एका कसोटीत १० झेल घेतले. तोवर असा पराक्रम कुणी केला नव्हता. त्याच सामन्यात पंचांनी त्याला बाद दिलं होतं आणि आपला कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यानं त्याला माघारी बोलावलं. मग टेलर बोथमबरोबर टिकला आणि सामना आपल्या हातून गेला. विश्वनाथचा मोठेपणा सगळे सांगतात. मला त्या गोष्टीत सात वर्षं वाट पाहिलेला माणूसही दिसतो.

इथं गुरुजन बसले आहेत, म्हणून जपून बोलतो. आपण मुलांना शिकवतो की धीर धरला की फळ मिळतंच. टेलरला मिळालं. पण सगळ्यांना मिळत नाही. मी गेली पंचवीस वर्षं शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. त्याआधी नऊ वर्षं एका ठिकाणी विनाअनुदान तत्त्वावर होतो. पगार नाही, शेतावर घर चाललेलं, आणि दर जूनमध्ये 'यंदा होईल' हे ऐकायचं. माझ्याबरोबर तिथं आणखी दोघं होते. मला पुढं दुसऱ्या शाळेत जागा मिळाली, त्यांना नाही मिळाली. धीर आम्हा तिघांचा सारखाच होता. म्हणून धीराचं फळ गोड, हे वाक्य मी वर्गात म्हणत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या शाळेतल्या दुसऱ्या किपरनं मला विचारलं, "सर, मी उगंच येतो का?" तालुक्याच्या शालेय स्पर्धेसाठी यादी लागली होती. नाव होतं, पण अकरात नव्हतं. घरी कापूस वेचणीला आलेला. वडील म्हणत होते, खेळायचं नसेल तर रानात चल. त्यांचंही चूक नव्हतं. मी त्याला 'पुढच्या वर्षी बघू' म्हणू शकलो असतो. पण पहिला किपर त्याच्याच वर्गातला, त्याच्याच वयाचा. मोरे आणि पंडित यांच्यासारखंच. पुढच्या वर्षीही तोच असणार होता.

मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. त्या दोन गोष्टींसाठीच आज एवढं बोललो.

पहिली गोष्ट अशी की बाहेर बसलेला माणूस संघाबाहेर नसतो. पूर्वी क्रिकेटच्या नियमाप्रमाणं बदली खेळाडूला यष्टीमागे उभं राहता येत नसे. किपर जखमी झाला तर अकरांतल्याच कुणीतरी ग्लोव्हज घालायचे. २०१७ साली नियम बदलला. आता पंचांच्या संमतीनं बदली खेळाडू यष्टिरक्षण करू शकतो. २०२५च्या जुलैत लॉर्ड्सवर ऋषभ पंतच्या बोटाला लागलं, आणि ध्रुव जुरेल आत आला. पुढं मँचेस्टरला पंतच्या पावलाचं हाड मोडलं, पुन्हा जुरेल आत. या दोन्ही सामन्यांत जुरेल अकरात नव्हता. बदली खेळाडूला फलंदाजी नाही. झेल घेतला तरी धावफलकात 'बदली खेळाडू' अशी नोंद. तासन् तास बसायचं-उठायचं, आणि सामना नावावर लागायचा नाही. मग ओव्हलच्या पाचव्या कसोटीत तो अकरात आला आणि भारत ती कसोटी ६ धावांनी जिंकला. जुरेलला लॉर्ड्सच्या सकाळी ठाऊक होतं का, की आज पंतच्या बोटाला लागणार आहे? नव्हतं. तयारी अशाच दिवसासाठी असते, ज्या दिवसाची तारीख ठाऊक नसते.

दुसरी गोष्ट, बाहेरून खेळ वेगळा दिसतो. आणि इथं मी परत पंडित यांच्याकडे येतो, कारण त्यांची गोष्ट १९९२ला संपत नाही.

ते पुढं मध्य प्रदेशकडून खेळले. १९९८-९९च्या हंगामात त्यांच्या नेतृत्वाखाली मध्य प्रदेश रणजी करंडकाच्या अंतिम फेरीत गेला. बंगळूरचं चिन्नास्वामी मैदान, समोर कर्नाटक. पहिल्या डावात आघाडी घेऊनही मध्य प्रदेश ९६ धावांनी हरला. शेवटच्या दिवशी हातातला करंडक गेला. मग पंडित प्रशिक्षक झाले. मुंबईला त्यांनी तीनदा रणजी करंडक मिळवून दिला. आता मुंबईचं कौतुक काय, तिथं पूर्वीच पस्तीस-चाळीस करंडक. पण २०१७-१८ला ते विदर्भाकडे गेले. विदर्भानं त्याआधी एकदाही रणजी जिंकली नव्हती. आपण मराठवाड्यातली माणसं, मागे राहिलेला भाग म्हणजे काय ते आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. १ जानेवारी २०१८ला इंदूरमध्ये दिल्लीला हरवून विदर्भ पहिल्यांदा जिंकला. त्या सामन्यात शतक कुणाचं होतं? किपर अक्षय वाडकरचं. पुढच्या वर्षी विदर्भ पुन्हा जिंकला. आणि २०२५मध्ये विदर्भानं तिसऱ्यांदा करंडक उचलला तेव्हा हाच वाडकर कर्णधार होता.

मग पंडित पुन्हा मध्य प्रदेशकडे गेले. जून २०२२मध्ये अंतिम सामना त्याच चिन्नास्वामी मैदानावर झाला. समोर मुंबई, ४१ वेळा जिंकलेली. उपांत्य सामन्यात बंगालविरुद्ध मध्य प्रदेशच्या १६५ धावा एकट्यानं कुणी केल्या? किपर हिमांशू मंत्रीनं. मध्य प्रदेश जिंकला, पहिल्यांदाच. तेवीस वर्षांपूर्वी जिथं करंडक निसटला होता, तिथं तो उचलला गेला, आणि शिस्तीचा म्हणून ओळखला जाणारा हा माणूस मैदानावर रडला.

तीन संघांना मिळून सहा रणजी करंडक. पाच कसोटी खेळलेल्या माणसाला हे कसं जमलं? त्यांनी स्वतः काय कारण सांगितलं ते मला ठाऊक नाही, मी माझं सांगतो. यष्टीमागून सगळं मैदान समोर दिसतं, म्हणून किपरला खेळ कळतो. आणि बाकावरून माणसं दिसतात. कोण घाबरलाय, कोण नुसता आवाज करतोय, कुणाला पाठीवर थाप हवी आणि कुणाला शिव्या. अकरांतल्या खेळाडूला हे पाहायला सवड नसते. दुसऱ्या किपरला सवडच सवड. त्या सवडीत कुढत बसायचं की बघत बसायचं, एवढंच त्याच्या हातात असतं.

आता जरा आपल्याकडे पाहू. आपल्या जालन्याचा विजय झोल २०१४च्या विश्वचषकात भारताच्या १९ वर्षांखालील संघाचा कर्णधार होता, तेव्हा सगळ्या जिल्ह्यानं छाती फुगवली. बरोबरच आहे. आज या मंडपातही जे डॉक्टर झाले, इंजिनिअर झाले, पुण्या-संभाजीनगरला गेले, परदेशी गेले, त्यांचा सत्कार झाला. तोही बरोबर आहे. पण यांतल्या कितीतरी जणांच्या मागं घरी एक दुसरा किपर होता. थोरला शिकायला गेला तेव्हा धाकट्यानं बैल धरले. कुणी आई-वडिलांच्या आजारपणात दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपला. २०१२-१३च्या दुष्काळात मोसंबीची झाडं जगवायला टँकरच्या मागं कोण धावलं? आणि आपल्या वर्गातल्या मुली! पहिल्या पाचांत तीन मुली असायच्या, गुरुजींना आठवत असेल. दहावीनंतर किती जणींना पुढं खेळायला मिळालं? त्यांनी आपल्या लेकींना शिकवलं, आणि त्या लेकी आज अकरात आहेत. हे सगळे मंडपात मागच्या रांगांत बसले आहेत. त्यांची नावं निवेदकांच्या कागदावर नाहीत. दोष कुणाचा नाही, रकानाच नाही.

म्हणून समितीकडे माझी एक मागणी आहे. फार खर्चाची नाही. माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून शाळेला क्रिकेटचं साहित्य द्यायचं ठरलंय. चांगलं आहे. यादी मी पाहिली. बॅट सहा, पॅडच्या जोड्या चार, यष्टिरक्षणाचे ग्लोव्हज जोडी एक.

जोडी एक असली की काय होतं ते मी पंचवीस वर्षं पाहतोय. ती पहिल्या किपरच्या हातात असते. दुसरा उघड्या हातानं नाहीतर फलंदाजीचे फाटके ग्लोव्हज घालून सराव करतो. त्यात बोटांना जाळी नसते, तळव्याला गादी नसते. दोन-चार वेळा कॉर्कचा बॉल बोटाच्या टोकावर बसला की हात आपोआप मागे जायला लागतो. मग सामन्यात अचानक उभा केला तर त्याच्याकडून झेल सुटतो, आणि आपण म्हणतो, 'बघा, म्हणूनच हा दुसरा होता.' तो दुसरा नव्हता. त्याला आपण एका जोडीपायी दुसरा ठेवला.

तेव्हा यादीत 'एक' लिहिलंय तिथं 'तीन' करा. एक पहिल्यासाठी, एक दुसऱ्यासाठी, आणि एक लहान मापाची मुलींच्या संघासाठी. दोन बॅट कमी झाल्या तरी चालतील. वाढीव जोड्यांपैकी एकीचे पैसे मी आत्ताच समितीकडे देतो. उरलेल्या जोडीसाठी मंडपातून कुणाचा हात वर येतोय ते बघू. (मागच्या रांगेतून चार हात वर.)

बघा गुरुजी, मागच्या रांगेतूनच आले.